बँकेत ‘फ्रॉड’ पकडायची नोकरी म्हणजे नेमकं काय? डहाणू-तलासरीच्या तरुणांना ती मिळू शकते का?

मार्च २०२२ मध्ये बँक ऑफ बडोदाने १०५ जागांची एक जाहिरात काढली. कर्ज विभागातले अधिकारी, आयात-निर्यातीचं काम पाहणारे, परकीय चलनाचे व्यवहार सांभाळणारे, अशी ओळखीची पदं त्यात होती. पण त्याच यादीत १५ जागा एका वेगळ्या नावाने होत्या: ‘मॅनेजर, डिजिटल फ्रॉड’.

या माणसांनी कर्ज वाटायचं नव्हतं, ठेवी आणायच्या नव्हत्या, विमाही विकायचा नव्हता. ऑनलाइन चोरी ओळखायची आणि जमलं तर पैसे खात्यातून बाहेर पडायच्या आत रोखायचे, एवढ्यासाठी ही पदं होती.

गेल्या काही वर्षांत सरकारी, खासगी आणि मोठ्या सहकारी बँकांमध्ये अशी कामं वाढली आहेत. बँकेची नोकरी म्हटलं की अजूनही अनेकांच्या डोळ्यासमोर काउंटर आणि कॅशियर येतो. डहाणू, तलासरीसारख्या तालुक्यांत तर या नव्या कामाबद्दल फारसं बोललंही जात नाही. आणि याच भागातल्या तरुणांना सध्या एक वेगळीच ‘नोकरी’ मोबाइलवर सांगून येते आहे. ती काय आहे, तेही या लेखात पाहू.

बँकांना ही माणसं का लागतात?

आधी आकडे बघू.

रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालानुसार २०२४-२५ या वर्षात बँकांनी फसवणुकीची २३,९५३ प्रकरणं कळवली. त्यात अडकलेली रक्कम होती ३६,०१४ कोटी रुपये. आदल्या वर्षीपेक्षा प्रकरणं कमी झाली, रक्कम मात्र जवळपास तिप्पट झाली. यातले १८,६७४ कोटी रुपये १२२ जुन्या प्रकरणांचे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांची पुन्हा तपासणी करून नव्याने नोंद झाली, म्हणून आकडा एकदम फुगला.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सरकारी बँकांचा मोठा पैसा कर्जाच्या फसवणुकीत अडकतो. खासगी बँकांमध्ये प्रकरणांची संख्या जास्त असते आणि त्यात कार्ड व इंटरनेट बँकिंगचा वाटा मोठा असतो.

दुसरा आकडा सामान्य माणसाच्या खिशाचा आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशातल्या नागरिकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हाच आकडा ७,४६५ कोटी होता. म्हणजे एका वर्षात तिप्पट.

महाराष्ट्राला याचा मोठा धडा मिळाला तो ऑगस्ट २०१८ मध्ये. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत चोरांनी घुसखोरी केली. एटीएममधून पैसे काढताना मंजुरी देणारी जी व्यवस्था असते, तिच्या जागी त्यांनी स्वतःची नकली व्यवस्था बसवली. ११ ऑगस्टला, शनिवारी, अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी सुमारे १४ कोटी रुपये गेले. एकूण फटका ९४ कोटींचा.

त्या शनिवारी एटीएमसाठी प्रत्येक व्यवहार ‘मंजूर’ होता. एकेक व्यवहार सुटा बघितला तर त्यात खोट दिसत नव्हती. पण पुण्याच्या बँकेच्या ग्राहकांची कार्डं एकाच दुपारी २८ देशांत कशी चालतील, हा प्रश्न सगळे व्यवहार एकत्र बघणाऱ्यालाच पडू शकतो. फ्रॉड पकडणाऱ्या विभागाचं काम इथे सुरू होतं.

१५ जुलै २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने फसवणूक व्यवस्थापनाचे सुधारित नियम काढले. संशयाची चिन्हं आधीच टिपणारी यंत्रणा, आकडेवारीचं विश्लेषण करणारा स्वतंत्र विभाग आणि संचालक मंडळाच्या पातळीवर देखरेख करणारी समिती, हे सगळं बँकांवर बंधनकारक झालं. कर्जदाराला ‘फ्रॉड’ ठरवण्याआधी कारणे दाखवा नोटीस देऊन उत्तरासाठी किमान २१ दिवस देणंही सक्तीचं झालं. नियम आला की काम वाढतं आणि काम वाढलं की माणसं लागतात.

फ्रॉड पकडतात तरी कसा?

एक उदाहरण घेऊ. समजा, डहाणू तालुक्यातल्या कासा इथे राहणाऱ्या एका शिक्षिकेचं खातं आहे. महिन्याला पगार जमा होतो. किराणा, मोबाइल रिचार्ज, मुलाची फी, अधूनमधून डहाणूच्या एटीएममधून रोख, असा तिचा साधा खर्च.

एके रात्री पावणेतीन वाजता त्या खात्यात नव्या मोबाइलवरून लॉगिन होतं. पाच मिनिटांत एक नवं नाव पैसे पाठवण्याच्या यादीत जोडलं जातं. लगेच ४९ हजार जातात, पुन्हा ४९ हजार, पुन्हा ४९ हजार.

बँकेचं सॉफ्टवेअर प्रत्येक व्यवहाराला गुण देत असतं. वेळ नेहमीची नाही, गुण वाढले. फोन नवा, अजून वाढले. घेणारा अनोळखी, रक्कम मोठी, तीच रक्कम पुन्हा पुन्हा, आणखी वाढले. एका मर्यादेच्या पुढे गुण गेले की व्यवहार अडतो किंवा ‘अलर्ट’ तयार होतो.

तो अलर्ट एका माणसाच्या स्क्रीनवर पडतो. ही व्यक्ती म्हणजे फ्रॉड ॲनालिस्ट. ती खात्याचा मागचा इतिहास पाहते, ग्राहकाला फोन करते आणि ठरवते, हा व्यवहार सोडायचा की रोखायचा. हातात वेळ मिनिटांचा असतो. व्यवहार खरा असताना अडवला तर ग्राहक दवाखान्यात बिल भरायला अडकू शकतो. खोटा असताना सोडला तर एखाद्याची वर्षभराची कमाई जाऊ शकते.

पैसा ज्या खात्यात येतो, तिकडेही नजर ठेवावी लागते. चोरीचा पैसा जमा करून पुढे सरकवायला जी खाती वापरतात, त्यांना ‘म्यूल’ खाती म्हणतात. अशी खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ हे एआयवर चालणारं साधन तयार केलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची घोषणा झाली. दूरसंचार विभागानेही मे २०२५ पासून फसवणुकीत वापरलेल्या मोबाइल क्रमांकांना जोखमीनुसार श्रेणी देणारी सोय बँकांना दिली आहे.

यात नोकऱ्या कोणत्या असतात?

बँकेनुसार पदांची नावं बदलतात. कामाचे प्रकार मात्र साधारण असे:

• व्यवहारांवर पहारा: चोवीस तास, पाळ्यांमध्ये. अलर्ट बघायचे, ग्राहकाला फोन करायचा, निर्णय घ्यायचा. नव्या मुलांना बहुतेक इथूनच सुरुवात मिळते.

• तक्रारीनंतरची धावपळ: १९३० वर तक्रार आली की संबंधित खात्यात पैसे उरलेत का ते पाहून ते रोखायचे. पुढे गेले असतील तर कुठल्या बँकेत गेले ते कळवायचं.

• तपास: फसवणूक कशी झाली, शाखेतल्या कुणाचा हात होता का, कागद खरे होते का, हे शोधून अहवाल लिहायचा. सरकारी बँकांत दक्षता विभागाचाही यात सहभाग असतो.

• मनी लाँडरिंगविरोधी काम: संशयास्पद व्यवहार केंद्र सरकारच्या ‘फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट’ला कळवायचे. असा अहवाल पाठवल्याचं ग्राहकाला सांगायला कायद्याने मनाई आहे. शाखेत विचारल्यावर कधी कधी कर्मचारी गुळमुळीत उत्तर देतात, त्याचं हेही एक कारण असू शकतं.

• आकड्यांचं काम: कोणत्या नियमाने किती चोऱ्या सापडल्या आणि किती भल्या माणसांना विनाकारण त्रास झाला, हे मोजून नियम सुधारायचे.

• कर्जावरची नजर: खोटा सातबारा, बनावट दागिने, दुसऱ्याच्या नावावर उचललेलं कर्ज, असल्या खुणा शोधायच्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यातली सगळी माणसं बँकेच्या थेट पगारावर नसतात. पहिल्या पायरीचं बरंच काम बाहेरच्या कंपन्यांकडून, कंत्राटावर करून घेतलं जातं. त्यामुळे नियुक्तिपत्र कुणाच्या नावाचं आहे, हे आधी वाचा.

माणसं नेमली की प्रश्न सुटतो का?

नाही. उदाहरण पुन्हा बँक ऑफ बडोदाचंच.

१० ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेला ‘बॉब वर्ल्ड’ ॲपवर नवे ग्राहक जोडायला बंदी केली. ग्राहकांना ॲपवर घेण्याच्या पद्धतीत गंभीर त्रुटी आढळल्याचं कारण रिझर्व्ह बँकेने दिलं. त्याआधी माध्यमांत बातम्या आल्या होत्या की ॲपची नोंदणी वाढवण्यासाठी काही ठिकाणी ग्राहकांच्या खात्यांना भलतेच मोबाइल क्रमांक जोडले गेले. बंदी उठली ८ मे २०२४ रोजी.

मुख्यालयात फ्रॉड पकडणारे बसवले आणि शाखांवर मात्र ‘आजच्या आज इतकी नोंदणी पाहिजे’ असा दट्ट्या ठेवला, तर एका हाताने बांधलेलं दुसऱ्या हाताने सुटतं. ग्राहक म्हणून आपण एवढं नक्की करावं: आपल्या खात्याला कुठला मोबाइल क्रमांक जोडला आहे, हे शाखेत जाऊन एकदा तपासून घ्यावं. सीमकार्ड बंद पडलं किंवा बदललं असेल तर आधी हेच काम करावं.

मुंबईत बसलेल्या यंत्राला डहाणू-तलासरी कळतं का?

सॉफ्टवेअर ‘नेहमीचं’ आणि ‘वेगळं’ यातला फरक शोधतं. पण नेहमीचं म्हणजे कुणाचं नेहमीचं? महिन्याच्या एक तारखेला पगार आणि शहरात खरेदी, हा साचा डहाणू-तलासरीला बसत नाही.

इथली कमाई हंगामी आहे. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत तोड जोरात असली की पैसा येतो. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमाराचं खातं कोरडं पडतं. या भागातले अनेक आदिवासी तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. त्यांचं एटीएम कार्ड कित्येक महिने वेरावळ किंवा ओख्यात वापरलं जातं. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाआधी परततात. तलासरीतून रोज उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत जाणारे कामगार सकाळी महाराष्ट्रात चहा पितात आणि दुपारी गुजरातमध्ये यूपीआयने जेवणाचे पैसे देतात.

आता या भागात मोठा पैसाही येतो आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग या दोन्हींसाठी पालघर जिल्ह्यात जमिनी गेल्या. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. भूसंपादनाचा मोबदला जमा झाला की ज्या खात्यात कधी दहा हजार नव्हते, तिथे अचानक काही लाख दिसतात.

यंत्राच्या नजरेत हे दोन्ही सारखंच दिसतं. गरीब माणसाच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली आणि दोन दिवसांत निघून गेली. तो म्यूल असेल. किंवा तो मोबदला मिळालेला शेतकरी असेल आणि ‘पैसे दुप्पट करून देतो’ म्हणणाऱ्या कुणीतरी त्याला गाठलं असेल. पहिल्या शक्यतेत त्याच्यावर संशय घ्यायचा, दुसरीत त्याला वाचवायचं. हा फरक कळायला त्या पाड्याची, त्या हंगामाची माहिती असलेला माणूस लागतो.

आणि भाषा. पडताळणीचा फोन हिंदीत किंवा इंग्रजीत येतो. घरात वारली बोलणाऱ्या, बाजारात मराठी-गुजराती बोलणाऱ्या आजीला ‘मॅम, डिड यू इनिशिएट धिस ट्रान्झॅक्शन’ विचारलं तर ती फोन ठेवून देईल. शिवाय अनोळखी फोनवर बोलू नका, असं आपणच तिला सांगितलेलं असतं. त्यामुळे स्थानिक भाषा येणारा ॲनालिस्ट हा या कामात खरा उपयोगाचा माणूस ठरू शकतो. भरतीच्या जाहिरातींत या कौशल्याला अजून पुरेशी किंमत मिळत नाही, ही वेगळी गोष्ट.

अंगठ्याचा व्यवहार किती सुरक्षित?

दूरच्या पाड्यांवर बँक म्हणजे शाखा नसते, बँक मित्र असतो. आधार क्रमांक सांगायचा, यंत्रावर बोट ठेवायचं, पैसे घ्यायचे. या पद्धतीला ‘एईपीएस’ म्हणतात. वयस्कर माणसांची आणि मजूर बायकांची तिने खरोखर सोय केली आहे. ‘लाडकी बहीण’सारख्या योजनांचे पैसेही आधार जोडलेल्या खात्यात येतात.

पण यात ओटीपी नाही, पिन नाही. बोट हीच सही. ‘मशीन घेत नाही, परत ठेवा’ म्हणत दोनदा बोट ठेवून घेतलं आणि पावती दिलीच नाही, तर खात्यातून दोनदा पैसे गेल्याचं लवकर कळतही नाही.

या भागाला अंगठ्याची किंमत नव्याने सांगायची गरज नाही. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकर त्या लढ्याच्या नेत्या होत्या. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसं ‘लग्नगडी’ म्हणून जमीनदाराकडे राबत. कागदावर काय लिहिलंय हे न वाचता उठवलेला अंगठा काय करू शकतो, हे त्या पिढीने भोगलं होतं. आज कागदाच्या जागी छोटं यंत्र आलं आहे. त्यावर काय लिहून येतंय हे वाचून घ्यायचा हक्क तोच आहे.

रिझर्व्ह बँकेने २७ जून २०२५ रोजी एईपीएस चालवणाऱ्यांच्या पडताळणीचे नियम कडक केले. १ जानेवारी २०२६ पासून ते लागू आहेत. सलग तीन महिने व्यवहार न केलेल्या चालकाची पुन्हा केवायसी केल्याशिवाय त्याला काम सुरू करता येत नाही.

आपल्या हातात काय आहे? प्रत्येक व्यवहाराची पावती घ्या. ‘परत बोट ठेवा’ म्हटलं तर आधीचा व्यवहार फेल झाल्याची पावती मागा. आणि एमआधार ॲपवर किंवा यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक ‘लॉक’ करून ठेवा. पैसे काढायच्या वेळी ते उघडता येतं.

आणि ती दुसरी ‘नोकरी’?

आता येऊ सुरुवातीला सांगितलेल्या मुद्द्याकडे.

टेलिग्राम, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: ‘घरबसल्या काम. फक्त बँक खातं पाहिजे. महिन्याला चांगले पैसे.’ कधी तो ओळखीच्या मुलाकडून येतो. खातं उघडायचं, एटीएम कार्ड, पासबुक आणि सीमकार्ड ‘कंपनी’ला द्यायचं. किंवा आपल्या खात्यात आलेले पैसे कमिशन कापून पुढे पाठवायचे.

ही नोकरी नाही. हे म्यूल खातं आहे.

पकडलं कोण जातं? फोनवर डिजिटल अरेस्टची धमकी देणारा परदेशात बसलेला असू शकतो. त्याचं नाव कुठेच नसतं. खात्यावर नाव, फोटो, आधार आणि पत्ता तुमचा असतो. पोलीस आधी तुमच्या दारात येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायला वकील, तारखा आणि दुसऱ्या राज्याच्या फेऱ्या लागतात. आणि ज्या बँकेत उद्या नोकरीसाठी अर्ज करायचा, तिच्याच संशयितांच्या यादीत आज नाव जातं.

बारावी झालेला, संगणक येणारा, हाताला काम नसलेला मुलगा दोन्ही बाजूंना हवा आहे. बँकेला पहारेकरी म्हणून, टोळीला भाड्याचं खातं म्हणून. फरक इतकाच की बँकेची जाहिरात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि टोळीचा मेसेज रोज पोहोचतो.

‘बँकेत फ्रॉड विभागात भरती, आधी नोंदणी शुल्क भरा’ अशा खोट्या जाहिरातीही फिरतात. सरकारी बँकांची भरती आयबीपीएस, स्टेट बँक किंवा त्या त्या बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरच निघते आणि परीक्षा शुल्क तिथेच भरायचं असतं. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले की समजून जा.

खरी नोकरी मिळवायची तर काय करावं?

पदवी: सुरुवातीच्या कामाला कॉमर्स, आयटी, संगणकशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्राची पदवी उपयोगी पडते. तलासरीत कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय आहे, बोर्डीत एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय आहे. ‘मॅनेजर’ दर्जाच्या पदांना मात्र बहुतेक वेळा अनुभव मागतात. बँक ऑफ बडोदाच्या त्या १५ जागाही ताज्या पदवीधरांसाठी नव्हत्या.

हातातलं कौशल्य: एक्सेल नीट यायला हवं. त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे मोठ्या नोंदींतून हवी ती माहिती काढण्याची भाषा. दोन्ही मोफत शिकता येतं.

प्रमाणपत्र: इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था सायबर गुन्हे व फसवणूक व्यवस्थापन, तसंच केवायसी व मनी लाँडरिंगविरोधी विषयांवर परीक्षा घेते. आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘सीएफई’ आणि ‘सीएएमएस’ ही प्रमाणपत्रं ओळखली जातात, पण ती महाग आहेत. नोकरी लागल्यावर त्यांचा विचार करा.

आतून जायचा रस्ता: आयबीपीएसमार्फत क्लार्क किंवा पीओ म्हणून लागायचं आणि काही वर्षांनी या विभागात बदली मागायची. क्लार्क भरतीत राज्याची भाषा येणं आवश्यक असतं. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना वयात पाच वर्षांची सवलत आहे, आणि या परीक्षांसाठी पूर्वप्रशिक्षणाची सोयही असते.

अडचण अंतराची आहे. ही कामं मुंबई, नवी मुंबई, पुण्यात आहेत. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, पण डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर १२४ किलोमीटर. तलासरी गावाला तर रेल्वे स्थानकच नाही, आधी डहाणू रोड, संजाण किंवा उंबरगाव गाठावं लागतं. त्यात काम रात्रपाळीचं. म्हणजे शहरात खोली घेणं आलं. पहिल्या पगाराचा हिशेब करताना हे धरूनच चाला.

फसवणूक झालीच तर?

१. लगेच १९३० वर फोन करा. नंतर ‘सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. पैसे चोराच्या पहिल्याच खात्यात असताना तक्रार पोहोचली तर ते अडवता येण्याची शक्यता सर्वाधिक.

२. बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भार. साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार, मूलभूत बचत खात्याला ५ हजार. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. हे नियम बदलत असतात, म्हणून शाखेत ताजी स्थिती विचारा.

३. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेपायी गप्प बसू नका.

४. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

५. बँकांचे सेवाविषयक फोन ‘१६००’ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत आणि बँकांची संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ने संपावीत, अशी व्यवस्था आता केली आहे. फोन खरा वाटला तरी पिन, ओटीपी कुणालाच सांगू नका.

आणि काहीच न करता खातं गोठलं तर?

असंही होतं. चिकू विकून यूपीआयने पाचशे रुपये घेतले, आणि देणाऱ्याच्या खात्यात चोरीचा पैसा होता. साखळी शोधत पोलीस दुकानदाराच्या खात्यापर्यंत येतात आणि खातं अडकतं.

अशा वेळी बँकेकडून लेखी मागा: कुठल्या पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून, कुठल्या तक्रार क्रमांकासाठी आणि किती रकमेसाठी खातं रोखलं? पूर्ण खातं न गोठवता फक्त वादातली रक्कम रोखावी, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात म्हटलं होतं. विक्रीची पावती, फोटो, ग्राहकाशी झालेलं बोलणं जपून ठेवा. तेच पुरावे आहेत. फोनवर ‘खातं सोडवून देतो, पैसे पाठवा’ म्हणणारा भेटला, तर तोही फसवणारा समजा.

बँकेच्या स्क्रीनवर हे सगळं एका ओळीत दिसतं: अमुक खातं, अमुक रक्कम, धोका जास्त. त्या ओळीमागे झाईचा खलाशी आहे, कासाची शिक्षिका आहे की म्यूल खातं चालवणारी टोळी, हे ठरवणाऱ्या खुर्च्या वाढत आहेत. त्या खुर्च्यांवर डहाणू-तलासरीची दोन-चार मुलं बसली, तर त्यांना निदान एवढं तरी पुस्तकात शोधावं लागणार नाही की जूनमध्ये मच्छीमाराचं खातं रिकामं का असतं.